नोटो सेरिफ देवनागरी: आपला ‘ल’ आहे, पण मागावा लागतो

आमच्याकडे डीटीपीची कामं होतात. लग्नपत्रिका, शाळांची वार्षिकं, दिवाळीला एखादा अंक. गेलं वर्षभर मजकुराला मी गूगलचा हा फुकट मिळणारा फॉन्ट लावतेय.

सुरुवात एका स्मरणिकेच्या प्रूफपासून झाली. निवृत्त शिक्षिका असलेल्या बाईंनी पान परत पाठवलं ते लालेलाल. शुद्धलेखनाची एक चूक नाही, पण प्रत्येक ‘ल’ आणि ‘श’भोवती गोल. “हा आपला ल नाही गं,” म्हणाल्या. उजवीकडे उभा दंड असलेला ल, शेंडी फुटलेला श. हिंदी वळण. आपला ल दोन पाकळ्यांचा, आपला श देठाचा. २००९ च्या शासन निर्णयातली वर्णमालाही हीच वळणं धरते. आणि मी ते इतकी वर्षं बघतच नव्हते, याचं फार वाईट वाटलं.

शोधल्यावर कळलं की मराठी वळण याच फॉन्टच्या पोटात आहे. लिबरऑफिसमध्ये सगळा मजकूर निवडून भाषा ‘मराठी’ केली आणि पानभर ल डोळ्यांदेखत बदलले. नेपाळी केली तर झ, ५ आणि ८ नेपाळी वळणाचे होतात. फाईल एक, युनिकोड (म्हणजे अक्षरांची सगळीकडे चालणारी सांकेतिक खूण) एक, वळणं ज्याची त्याला. पूर्वी प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक खूण वेगळी असायची, दुसऱ्या कॉम्प्युटरवर मजकुराचा नुसता कचरा व्हायचा. ते वैविध्य मला परत नको.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यातला फरकही इथे स्वच्छ उमटतो. गुरुजींचा सत्कार करायचा की स्वयंपाक्यांचा, हे पत्रिकेत कळायला हवं ना! ११ पॉइंटला जोडाक्षरं मोकळी दिसतात. जाडीचे नऊ प्रकार आहेत. मथळ्याला मात्र घेऊ नका, ताठ दिसतो.

माझी तक्रार एकच, पण मोठी. भाषा सांगितली नाही तर हिंदी वळणच येतं, आणि सांगतं कोण? माझी भाची दुसरीत आहे, दंडाचाच ल काढते, कारण पडद्यावर तिला तोच दिसतो. मशीनने वळण पुसलेलं नाही, आपण मागितलेलं नाही.

वेबसाईट करणाऱ्यांनी पानाच्या कोडमध्ये भाषा ‘mr’ (म्हणजे मराठी) लिहावी, एवढ्याने काम होतं. डीटीपीवाल्यांनी भाषा मराठी ठेवलेली कोरी फाईल साठवून ठेवा आणि प्रत्येक काम तिच्यातूनच सुरू करा. मजकुरासाठी पाचपैकी साडेचार.