अंगणातला साउना: लाकडाची भट्टी की विजेची?

फिनलंडमध्ये स्वतःचं घर घेतलेल्या मराठी ओळखीच्यांपैकी कुणीतरी दर उन्हाळ्यात मला हा प्रश्न विचारतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतो.

आमचं घर टॅम्पेरेजवळ. २०१९ मध्ये घेतलं तेव्हा अंगणाच्या कोपऱ्यात साउनाची (गरम वाफेच्या स्नानाची) छोटी लाकडी इमारत आयतीच मिळाली, लाकडावर चालणाऱ्या किउआससकट. किउआस म्हणजे वर दगड रचलेली साउनाची भट्टी; त्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकून वाफ काढायची. पाच हिवाळे ती भट्टी आम्ही पेटवली. २०२४ च्या उन्हाळ्यात तिचा आतला पत्रा वाकून फाटला, भिंतीच्या खालच्या फळ्याही कुजलेल्या निघाल्या, आणि खोली आतून नव्याने बांधायची वेळ आली. भट्टी पुन्हा लाकडाची आणायची की विजेची, या विचारात माझा सगळा जुलै गेला. शेवटी विजेची बसवली. खोली तीच, खिडकी तीच, बसणारी माणसं तीच. माझ्याकडे मोजमापं नाहीत, पण एकाच खोलीत दोन्ही भट्ट्यांसोबत राहिल्याचा अनुभव आहे.

आधी लाकडाच्या बाजूने बोलतो, कारण तिच्यावर माझा अजूनही जीव आहे. बर्चची साल तडतडत पेट घेते, धुरांड्यात हवा घुमायला लागते, आणि थोड्या वेळाने तापणारा पत्रा बारीक आवाज करू लागतो. त्या तासाभरात माणूस आपोआप शांत होतो. दुसरं म्हणजे भट्टीचं तोंड साउनाच्या खोलीतच असेल तर जाळ स्वतःच तिथली हवा ओढतो, त्यामुळे वायुवीजनात थोडं इकडेतिकडे झालं तरी आत कोंडल्यासारखं होत नाही. विजेच्या भट्टीत ही सोय नाही. तिथे हवेचा रस्ता आपणच नीट आखावा लागतो.

आणि वीज नसली तरी लाकूड असतंच. ५ जानेवारी २०२४ चा शुक्रवार इथल्या अनेकांच्या लक्षात असेल. उत्तरेत पारा उणे ४४ च्या खाली गेला होता, आणि बाजारभावाने वीज घेणाऱ्यांना त्या संध्याकाळी एका युनिटला कर धरून दोन युरोंहून जास्त पडत होते. आमच्या गल्लीत त्या दिवशी बहुतेकांनी साउना पुढे ढकलला. आमच्या धुरांड्यातून मात्र नेहमीसारखा धूर निघाला. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तर साउनाच्या पाळ्या कमी करा असं आवाहन सरकारी मोहिमेतूनच झालं होतं. तेव्हाही आम्हाला फरक पडला नाही.

कामं आहेत, पण त्यांचा मी फार बाऊ करणार नाही. वसंतात लाकूड फोडून रचायचं, उन्हाळाभर वाळवायचं, राख झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून बाहेर ठेवायची (निखारे आत किती दिवस धुगधुगत राहतात ते बघून मी हबकलो होतो), वर्षातून एकदा धुरांडं साफ करणाऱ्याला बोलवायचं. घरं एकमेकांना खेटून असतील तर शेजाऱ्याच्या खिडकीत धूर जाणार नाही ना, हेही बघायचं. यातलं काहीच मला जड गेलं नाही. लाकूड फोडणं तर मला आवडायचं.

मला नडली ती शेवटची पाळी.

फिनिश घरात बहुतेक वेळा घरचे सगळे एकत्रच बसतात आणि तास-दीड तासात आटोपतात. आपल्याकडे तसं होत नाही, आणि व्हायला हवं असं मला वाटतही नाही. दर शनिवारी आमच्याकडे आधी मी आणि मुलगा, पाहुणे असले तर त्यांच्यातले पुरुष आमच्याबरोबर, मग बायको आणि मुलगी. २०२२-२३ च्या हिवाळ्यात आई-बाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले, तेव्हा पाळ्या तीन झाल्या. म्हणजे साउना तीन तास तापलेला हवा. आमच्या भट्टीवर जेमतेम चाळीस किलो दगड होते. जाळ आहे तोवर ती कडक तापायची, पण जाळ उतरला की दगड निवायला वेळ लागत नसे.

त्या जानेवारीतली एक संध्याकाळ मनातून जात नाही. बाहेर उणे अठरा. आई आणि बायको शेवटी गेल्या होत्या. पंधरा मिनिटांत दोघी परत आल्या. आईने शाल डोक्यावरून घेतली होती आणि तिचे केस कोरडेच होते. बायको म्हणाली, "अरे, दगडांवर पाणी टाकलं तर नुसतं खाली गळतंय. वाफच येत नाही." आई म्हणाली, "राहू दे रे, बरं वाटलं तेवढं." मी टॉर्च घेऊन बघायला गेलो. किउआसखालच्या पत्र्यावर पाणी साचलं होतं आणि त्यात राख तरंगत होती. दगडांवर तळहात धरून मी सावकाश दहापर्यंत आकडे मोजू शकलो.

साताऱ्याच्या आमच्या जुन्या घरी तांब्याचा बंब होता. प्रत्येकाने आपलं गरम पाणी काढायचं आणि वरून तेवढंच गार ओतायचं. सगळ्यांचे डबे भरून, घर आवरून आई आंघोळीला जायची तोवर मधल्या नळीतले निखारे विझत आलेले असायचे. तिच्या वाट्याला कायम कोमट पाणी. तेव्हाही ती "राहू दे"च म्हणायची. सहा हजारांहून जास्त किलोमीटरवर स्वतःच्या अंगणात मी तिला पुन्हा तेच दिलं, हे मला लागलं.

मग आम्ही नाना उपाय करून पाहिले. बायकांची पाळी आधी ठेवली, तर पहिल्या तावाची धग आईला सोसेना. तिला हवा जेमतेम साठ-पासष्ट अंशांची लागते, पण दगड मात्र जिवंत हवे असतात. मध्ये लाकूड घालावं, तर आमच्या भट्टीचं तोंड कपडे बदलायच्या खोलीत. आत बायका असताना मी तिथे जाणार कसा? बायकोने स्वतः घालून पाहिलं. ओल्या अंगाने बाहेर यायचं, सालीची कुसळं हातात घुसायची, आणि नवं लाकूड धरून दगड पुन्हा तापेपर्यंत वीसेक मिनिटं जायची. साउनात बसल्याचं सुख त्या धावपळीतच संपायचं. बरं, भट्टी ज्याच्याकडे असेल त्याला स्वतःलाही निवांत बसता येत नाही. त्याचं अर्धं लक्ष धुरांड्याकडेच असतं.

इथे एक सांगायला हवं, नाहीतर लाकडावर अन्याय होईल. टॅम्पेरेच्या पिस्पाला भागात रायापोर्ती (Rajaportti) नावाचा सार्वजनिक साउना आहे, १९०६ पासून चालू असलेला. तोही लाकडावरच तापतो. तिथे मी उशिरा गेलो आहे, माझ्याआधी कितीतरी जण येऊन गेलेले असताना, आणि तरीही लोइलू (दगडांवरून उठणारी वाफ) अशी आली की खांदे आपोआप खाली आले. कारण तिथली भट्टी प्रचंड आहे. जुन्या धुराच्या साउनाचंही तसंच. आधी कित्येक तास जाळ, मग जाळ विझवून धूर बाहेर काढायचा, आणि पुढची सगळी संध्याकाळ नुसत्या दगडांच्या उष्णतेवर. तिथे बसलो असताना माझ्या लक्षात आलं की मला जे हवं होतं ते दगडांच्या वजनातून येतं. जाळ कशाचा, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

हे विजेलाही लागू आहे. घर घेण्याआधी आम्ही भाड्याच्या रांगघरात राहायचो. तिथे वीस किलो दगडांची भिंतीवरची विजेची भट्टी होती. हवा ठरलेल्या अंशावर पोचली की थर्मोस्टॅट खट् करून वीज तोडायचा आणि दोन काउहे (डाव) पाण्यात दगड थंड. तशी भट्टी घेणार असाल तर माझं मत लाकडालाच.

म्हणून मी विजेची घेतली ती शंभर किलो दगडांची, जमिनीवर उभी राहणारी. खोली साडेसात घनमीटरच्या आसपास, म्हणून नऊ किलोवॅट. दगड जास्त असल्याने तापायला वेळ लागतो. आम्ही सव्वा तास धरतो, लाकडाच्या वेळी लागायचा साधारण तेवढाच. पण एकदा तापली की तिसऱ्या पाळीतला पहिला काउहा पहिल्या पाळीतल्यासारखाच आवाज करतो. हवा पासष्टच्या आसपास ठेवूनही दगड पाणी झेलतात. आई गेल्या वर्षी पुन्हा आली होती. चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. मीच काळजीने दार वाजवलं, तर आतून म्हणाली, "येते रे, घाई काय आहे?"

आता विजेच्या कटकटी. घराच्या मुख्य पॅनेलपासून साउनापर्यंत जमिनीखालून थ्री-फेज केबल टाकावी लागली. चर मी खणला, पण जोडणी परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियननेच करायची असते. त्याच्याकडून तपासणीचा कागद मागून घ्या आणि जपून ठेवा. आमच्या घराला तीन फेजना पंचवीस अँपिअरचे मुख्य फ्यूज आहेत आणि नऊ किलोवॅटची भट्टी प्रत्येक फेजवर तेरा अँपिअर घेते. घरही विजेवर तापत असेल, त्यात गाडी चार्जिंगला असेल, तर गणित जमत नाही. भट्टी चालू असताना घरातलं काही हीटिंग आपोआप थांबेल अशी जोडणी करता येते. आम्ही तीच केली. हा खर्च भट्टीच्या किमतीत दिसत नाही, आणि काही घरांत तो भट्टीहून जास्त येईल. वापराचं म्हणाल तर तीन तासांच्या संध्याकाळी आमच्या मीटरवर सतरा-अठरा युनिटं पडतात. दर बघून शनिवारचा शुक्रवार करावा लागतो कधीकधी.

दोन चुका आमच्या हातून झाल्या, त्या तुम्ही टाळा. पहिली, हवा आत येण्याची जागा मी जुन्या भट्टीच्या वेळची, खाली जमिनीलगतच राहू दिली. डोकं भाजायचं, पाय गार आणि हवा जड. नंतर ती भट्टीच्या वर अर्धा मीटर नेली आणि बाहेर जाणारी बाकाखाली काढली, तेव्हा खोली बदलली. दुसरी, उभी भट्टी उंच असते आणि बसणाऱ्याचे पाय दगडांच्या वरच्या पातळीहून वर हवेत. त्यासाठी आमची बाकं उचलून पुन्हा बांधावी लागली. भट्टीचं मॉडेल आधी ठरवा आणि मगच बाकं. बाकांना लेप्पा (आल्डरचं लाकूड) किंवा आस्पेन घ्या. पाइनच्या गाठी तापतात आणि त्यातून राळ येते.

दगड वर्षातून एकदा काढून पुन्हा रचायचे. गेल्या सप्टेंबरमध्ये मी सगळे अंगणात वर्तमानपत्रावर मांडले. काही हातात घेताच भाकरीच्या कडेसारखे मोडले. ते बाजूला काढून नवे भरले. फार घट्ट ठासू नका. हवा खेळली नाही तर आतल्या कॉइल जळतात. सैल ठेवले आणि कॉइल उघड्या दिसल्या तर वाफ कडक, बोचरी येते. हे हाताला एक-दोन वर्षांत कळतं.

तुमच्यासाठी कोणती? तळ्याकाठी मोक्की (सुट्टीतलं छोटं घर) असेल, सगळे एकदमच बसत असाल किंवा दोघंच असाल, तर मी लाकूडच म्हणेन, विशेषतः जिथे वीज नेणंच महाग आहे तिथे. तिथे लाकडाची पण जड दगडांची भट्टीही बघा. मीही तिचा विचार केला होता, पण तिच्या वजनासाठी आमची जमीन नव्याने बांधावी लागली असती. गावात घर असेल, आठवड्याला एक-दोनदा साउना होत असेल, आई-वडील येऊन राहत असतील, पाळ्या लागत असतील, तर माझा कल विजेकडे आहे. पण दगड शंभर किलोच्या खाली नकोत. इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो. आमच्या शेजारच्या आजोबांना माझं हे म्हणणं अजून पटलेलं नाही, आणि त्यांच्या लोइलूला मी नावं ठेवणार नाही.

नवी इमारत उभारणार असाल तर आधी नगरपालिकेच्या बांधकाम विभागाला विचारा. जानेवारी २०२५ पासूनच्या नव्या कायद्यात लहान इमारतींना बरीच सूट आहे, पण हद्दीपासूनचं अंतर, आगीचे नियम आणि तुमच्या भागाचा आराखडा लागू असतोच. आणि केबलसाठी चर खणलाच असेल तर शेजारी एक रिकामा पाइपही टाकून ठेवा. आमच्या अंगणात दिव्यासाठी पुन्हा खणावं लागलं.

धुरांडं मी काढलेलं नाही. वरून टोपण बसवलंय आणि छताचं भोक आतून फळीने झाकलंय. बर्चचा एक ढीग अजून मागे रचलेला आहे.