रेनॉक्स डीसीआर 250 आणि ग्रे कार्ड: कुंडीतल्या झाडांचे फोटो काढणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. साधा डीएसएलआर आणि त्याच्यासोबत आलेली लेन्स असेल आणि गच्चीवरच्या झाडांचे एकदम जवळून फोटो काढायचे असतील तर महागड्या मॅक्रो लेन्सच्या मागं लागण्याआधी ही जोडी वापरून बघा: रेनॉक्स डीसीआर 250 म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारं भिंग, आणि रंग बरोबर यावा म्हणून धरायचं ग्रे कार्ड. पण पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर भिंग राहू द्या, कार्ड घ्या. फोटो ब्लर आलाय हे कुणालाही लगेच कळतं, रंग चुकलाय हे कळतच नाही आणि झाडाच्या बाबतीत तेच महागात पडतं.

आमच्याकडं लातूरला बऱ्याच गच्च्यांवर हिरवी शेडनेट असते, उन्हाळ्यात तिच्याशिवाय कुंड्या टिकत नाहीत. आता त्या जाळीखालचा उजेडच मुळात हिरवट. त्यात फ्रेमभर पान आलं की कॅमेऱ्याच्या ऑटो व्हाइट बॅलन्सला (उजेडाची छटा आपोआप काढून रंग जागेवर आणणारी सोय) कळत नाही की हा हिरवा रंग पानाचा की उजेडाचा, मग कधी तो रंग ठेवतो, कधी जास्तीचा काढून टाकतो, आणि एकाच झाडाचे लागोपाठचे दोन फोटो दोन वेगळ्या झाडांचे वाटतात. माझ्या कुंडीतल्या मोसंबीचा फोटो मी कृषी सेवा केंद्रवाल्या दादांना पाठवला तर म्हणाले "चांगलं हिरवंगार तर दिसायलंय की ताई". मग ग्रे कार्ड ठेवून तेच पान परत काढलं, शेंड्याकडची कोवळी पानं शिरांमध्ये पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, स्पष्ट दिसलं. लगेच उत्तर आलं, "ह्याला लोह कमी पडायलंय, काळ्या मातीत चुनखडी असतीय, चिलेटेड फेरस द्या" (म्हणजे झाडाला शोषता येईल असं लोहाचं खत). हेच पिवळेपण खालच्या जुन्या पानांवर आणि सगळ्या पानभर सारखं असतं तर गोष्ट नत्राची असती, खत वेगळं. म्हणजे पिवळा कुठं आणि किती ह्यावर सगळा उपाय ठरतो आणि आपण फोटोत तोच चुकवून पाठवतो. (पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की शिरा-बिरा सगळं पुसट होतं.)

ग्रे कार्ड म्हणजे राखाडी रंगाचा एक पत्ता, 18 टक्के उजेड परत फेकणारा. व्हाइट बॅलन्ससाठी तो आकडा तितका महत्त्वाचा नाही, त्यात कुठल्याच रंगाची छटा नसणं महत्त्वाचं. बरेच जण म्हणतात कशाला पैसे घालवायचे, झेरॉक्सचा पांढरा कागद धरा की. तो नका धरू. कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात ब्राइटनर घातलेलं असतं, उन्हात ते निळसर चमकतं आणि कॅमेरा तो निळा काढायला जाऊन फोटो पिवळट करून ठेवतो. आजार बघायला पिवळेपणाच मोजायचाय आणि फोटोच पिवळा, मग काय उपयोग.

वापरायला अवघड काहीच नाही. ज्या उजेडात पान आहे त्याच उजेडात, पानाला लागूनच कार्ड धरून पहिला फोटो काढायचा, मग कार्ड बाजूला करून बाकीचे. रॉमध्ये (कॅमेऱ्यानं रंग न बदललेली मूळ फाइल) काढत असाल तर घरी येऊन डार्कटेबल ह्या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये (फुकट आहे) कार्डावर पिकर (रंग टिपणारी खूण) टेकवला की रंग जागेवर येतो, तीच सेटिंग बाकीच्या फोटोंना लावून टाकायची. जेपेग (नेहमीची तयार फोटो फाइल) काढणाऱ्यांनी कार्डाच्या फोटोवरून कॅमेऱ्यातच कस्टम व्हाइट बॅलन्स सेट करावा. मोबाईलवाल्यांनी स्नॅपसीड ह्या फोटो ॲपमधला व्हाइट बॅलन्सचा पिकर वापरावा. ऊन हललं, ढग आला, जाळीखालून बाहेर गेलात तर कार्डाचा फोटो नव्यानं घ्यायचा, ह्याचा कंटाळा करायचा नाही.

आता कार्डानं काय होत नाही तेही सांगते. लाल जास्वंद. रंग बरोबर येतो पण पाकळी म्हणजे नुसता लाल डाग, शिरा नाहीत, घडी नाही. हा व्हाइट बॅलन्सचा दोष नाही, लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) भरून वाहतो आणि कॅमेऱ्याच्या साध्या हिस्टोग्रामला (फोटोतला उजेड दाखवणारा आलेख) ते कळतही नाही. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, एक स्टॉपपर्यंत (अर्ध्यापर्यंत) खाली घ्या, पाकळीवरच्या बारीक रेघा परत येतात. आणि गोकर्ण. डोळ्यांना गडद निळी दिसते, फोटोत जांभळट, कार्ड धरलं तरी. आपल्या डोळ्यांना जवळपास न दिसणारा टोकाचा लाल उजेड काही निळी फुलं भरपूर परत फेकतात, आणि सेन्सरला (कॅमेऱ्यातला फोटो टिपणारा भाग) तो आपल्यापेक्षा जास्त दिसतो. संध्याकाळच्या तांबूस उन्हात हे वाढतं, म्हणून गोकर्ण सावलीत काढायची आणि उरलेला फरक फूल समोर ठेवून निळ्याच्या ह्यू (रंगछटा) स्लायडरनं मिटवायचा.

रंगाची खरी परीक्षा घ्यायची तर करडईच्या फुलावर घ्या, मराठवाड्यात राहून हे नाही केलं तर काय केलं. उमलताना पिवळं, मग नारिंगी, सुकत येताना लाल, आणि एकाच झाडावर तिन्ही एकदम सापडतात. ऑटोवर नारिंगी आणि लाल एकमेकांत मिसळून जातात, कार्ड आणि कमी एक्स्पोजरनं तिन्ही वेगळे उभे राहतात. मला ह्या सगळ्यात सगळ्यात जास्त आनंद ह्या फोटोंनी दिला.

आता लेन्सकडं. रेनॉक्स ही जपानी कंपनी, डीसीआर 250 म्हणजे 8 डायॉप्टरचं भिंग (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद मोजायचा आकडा), आपल्याच लेन्सच्या तोंडावर चिमट्यासारखं बसतं. माझ्या जावेकडं चार काचांचा स्वस्तातला क्लोजअप फिल्टर सेट आहे, +1, +2, +4, +10 वाला, कंपनीचं नाव घेत नाही. दोन्हींनी तुळशीची मंजिरी काढून बघितली. स्वस्तातल्यात मंजिरीच्या प्रत्येक कडेला जांभळी-हिरवी किनार, कारण ती एकेरी काच आहे आणि एकेरी काचेतून सगळे रंग एका जागी फोकस होत नाहीत. रेनॉक्समध्ये तीन काचा आहेत, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या, त्या हा फरक भरून काढतात. मंजिरीवरची लव सुद्धा सुटी-सुटी दिसली आणि किनार जवळपास नाहीच.

लेन्सचा फोकस इन्फिनिटीवर (सगळ्यात लांबवर) असला की फुलापासून साधारण साडेबारा सेंटीमीटरवर चित्र शार्प होतं. लेन्सचा झूम 55 एमएमवर असला की तुळशीचं पान पान म्हणून ओळखू येतं, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटरची फ्रेम. मोठ्या झूम लेन्सच्या 250 एमएमवर मात्र फ्रेममध्ये जेमतेम एक सेंटीमीटर मावतो, पानाखालचा एकेक मावा, पाय मोजता येतील असा. 18 एमएमवर कोपरे काळे होतात, ही वस्तू त्यासाठी नाहीच.

पण शार्पनेस नुसत्या काचेनं येत नाही हो. लेन्सचं भोक एफ 11 इतकं बारीक ठेवूनही 55 वर दोन-तीन मिलिमीटरच फोकसमध्ये असतात, 250 वर अर्धा मिलिमीटरही नाही. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघत) 10 पट झूम करा, फोकस रिंग फिरवत बसण्यापेक्षा कॅमेराच पुढं-मागं सरकवा. पान काढताना सेन्सर पानाला समांतर पाहिजे, नाहीतर अर्धंच पान शार्प येतं. वारा सगळ्यात मोठा वैरी, म्हणून सकाळी लवकर काढा आणि कुंडीत काडी खोचून कपड्याच्या चिमट्यानं देठ तिला धरून ठेवा. ऊन कडक असेल तर वर पातळ पांढरं धोतर धरा, फक्त नीळ घातलेलं नको, नाहीतर परत रंगाचं भांडण सुरू. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर पाहिजेच.

मागवताना एवढं बघा, तुमच्या लेन्सच्या पुढच्या कडेवर शून्याला तिरकी रेघ मारलेल्या खुणेपुढं जो आकडा असतो तो 52 ते 67 मध्ये पाहिजे, तेवढ्यावरच तो चिमटा बसतो. इथं दुकानात मला मिळालं नाही, ऑनलाइन घेतलं. कार्ड घेताना प्लास्टिकचं घ्या, झाडांना पाणी घालताना भिजतंच आणि पुठ्ठ्याचं कार्ड एकदा भिजलं की डाग पडून कामातून जातं.