सडा, ओहोटी आणि साडेचार हजार रुपये: रत्नागिरीतल्या एका फोटो कार्यशाळेबद्दल

आधीच सांगून टाकतो. नारिंगी आभाळ, मधोमध काळी होडी, खाली दुधाळ पाणी, असा फोटो काढून आणायचा असेल तर या कार्यशाळेचे पैसे भरू नका. तो फोटो भाट्याच्या पुलावरून फुकटात मिळतो. इथे दोन दिवसांत सूर्यास्त धड बघायलाही मिळाला नाही, आणि तरीही मी पाचात चार तारे देतोय.

माझा स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारशी हाच धंदा. पितृपक्षात आमच्याकडे कोणी फिरकत नाही, म्हणून सर्वपित्रीचा शनिवार-रविवार मोकळा होता. कार्यशाळा घेणारा पोरगा पंचविशीतला. कॉलेजात असताना सीझनला माझ्याकडे लाईट धरायला यायचा. ऐन मुहूर्ताला मांडवाबाहेर ढग बघत उभा राहायचा आणि माझा ओरडा खायचा. ओळखीतला म्हणून गोड बोलतोय असं कुणी म्हणू नये, यासाठी सवलत न घेता पूर्ण साडेचार हजार भरले.

त्याचे तेव्हाचे फोटो मला आठवतात. दहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड खूप कमी करणारा काळा फिल्टर लावायचा, शटर तीस सेकंद उघडं ठेवायचं, की झालं समुद्राचं दूध. मांडवीची काळी वाळू असो नाहीतर पांढरा समुद्र नावाचा किनारा, सगळीकडे तोच रतीब. त्यावर लाइटरूम या फोटो एडिटिंगच्या ॲपमध्ये रंग असे ओढायचा की आभाळ कुठलं नि आमरस कुठला कळू नये. लाइक्स मात्र रग्गड.

आता त्याची सुरुवातच पंचांगापासून होते. शनिवारी चतुर्दशी होती. तिथीला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं: चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, म्हणजे साडेदहाला भरती. त्यात सहा तास आणि वर थोडं मिळवलं की पावणेपाचच्या सुमारास ओहोटी. आपल्याकडचा कुठलाही खारवी मच्छीमार हे हिशेब तोंडी करतो, पण कॅमेरावाल्यांपैकी कुणाला येत नव्हतं. अमावास्येलगतचे उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब मागे गेलेलं, आणि आरे-वारे किनाऱ्यावरच्या टेकाडाखालचा एरवी बुडालेला कातळ उघडा पडलेला. चारलाच त्याने आम्हाला खाली उतरवलं.

माझ्या शेजारी बसून म्हणाला, "काका, लाट येताना दाबू नका. फुटू दे, परत फिरू दे, मग दाबा." अर्धा सेकंद शटर, आयएसओ शंभर, ढगाळ उजेड, दहा स्टॉपच्या फिल्टरची गरजच नाही. येणाऱ्या लाटेचा नुसता फेस दिसतो. परतणारं पाणी कातळाच्या खाचांतून निथळतं तेव्हा प्रत्येक ओघळाची वेगळी रेघ उमटते आणि दगड कुठून कुठे उतरतो ते कळतं. लग्नात मी हजारो वेळा शटर दाबतो, पण असं थांबून दाबायची सवयच नाही.

सूर्यास्त साडेसहाला. या पठ्ठ्याने सहालाच सगळ्यांना वर यायला लावलं. पाणी वळलं होतं आणि समुद्राकडे पाठ करून फोटो काढणारे दोघे-तिघे होतेच. पुण्याहून आलेले एक जण चांगलेच कुरकुरले, त्यासाठीच पैसे भरलेत म्हणाले. हा हसला, पण उतरू दिलं नाही. वर गाडीत गोड्या पाण्याचा ड्रम होता. त्यात प्रत्येकाच्या ट्रायपॉडचे पाय सांध्यांसकट धुऊन घेतले, कॅमेरे आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसून घेतले. खाऱ्या वाऱ्याने उपकरणांची काय वाट लागते हे इथे राहणाऱ्यालाच कळतं.

खरी वसुली रात्री झाली. जेवणानंतर त्याने एक पुठ्ठ्याचं खोकं उघडलं. आत मॅट कागदावरचे प्रिंट, साधारण वहीच्या पानाएवढे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडच्या बागाही आडव्या झाल्या. त्याच्या मामाची केळशीकडची वाडी त्यातलीच. हा गेला होता झाडं तोडून वाट मोकळी करायला. विहिरीच्या काठावर उभा राहून मोबाईलवर एक फोटो काढला. आडव्या पडलेल्या पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, मोडका रहाट आणि फ्रेमच्या वरच्या अर्ध्या भागात रिकामं आभाळ, जिथे आधी झावळ्यांमुळे आभाळ दिसतच नसे.

तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये तो त्याच पायरीवर उभा राहतो. पुढे कॅमेरा आला, पण भिंगाचा कोन मोबाईलइतकाच ठेवला. दुसऱ्या प्रिंटमध्ये केळी लावलेल्या दिसतात. पुढे पोफळीची गुडघ्याएवढी रोपं, शेजारी आधाराच्या काठ्या. शेवटच्या प्रिंटमध्ये डावीकडून एक झावळ आभाळात शिरलीय. एकाही फोटोत सूर्य नाही, रंग ओढलेले नाहीत, एकदोन तर मला आधी चक्क साधे वाटले. पण ओळीने मांडले तेव्हा खोलीतलं बोलणं थांबलं. पुण्याचे तेच गृहस्थ चष्मा वर करून रहाटाची दुरुस्ती कुठल्या वर्षी झाली ते शोधत होते. पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात, त्यामुळे फळ लागेपर्यंत हे चालू ठेवणार म्हणाला. माझ्याकडे लाईट धरताना दहा मिनिटं एका जागी न टिकणारा हाच तो पोरगा!

रविवारी पहाटे उक्षीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. तिथल्या जांभ्यात कोरलेला हत्ती पुष्कळांनी दुपारी बघितला असेल आणि "काहीच दिसत नाही" म्हणून परतले असतील. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण डोक्यावरच्या उन्हात ती सपाटच दिसतात. ऊन तिरपं हवं. ढगांनी तासभर बसवून ठेवलं, मग जेमतेम काही मिनिटं उजेड आडवा आला आणि सोंडेची खोदलेली कड सावलीने भरली. वाट बघताना त्याने सड्यावरची सीतेची आसवं आणि गेंद दाखवले, आणि फुलांवर पाय देणाऱ्याला सरळ बाजूला घेतलं. ते आवडलं.

आता तक्रारी. जाहिरातीत "मोबाईल चालेल" लिहिलंय, प्रत्यक्षात मोबाईलवाल्या दोन मुलींकडे फारसं कुणी बघितलं नाही. मोबाईलच्या फोटोवर एवढी सुंदर मालिका उभी करणाऱ्याने तरी असं करू नये. एडिटिंगचा तास वाया गेला. दुपारी पडदे नसलेल्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, भिंतीवर सगळंच फिकट. शिवाय रंग वाढवण्याबद्दल त्याची आता एवढी चिडचिड होते की शिकणाऱ्याला आधी चार चुका करू द्याव्यात हे तो विसरतो. बारा जण जास्त होतात, आठ पुरेत. जेवण घरगुती आणि उत्तम, पितृपक्षामुळे अर्धी पंगत शाकाहारी होती तरी कुळथाची पिठी दोनदा वाढावी लागली.

पुढची तारीख अमावास्या-पौर्णिमेलगतच्या शनिवार-रविवारी असेल, तेव्हा कॅलेंडर बघून सुट्टी टाका. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत. पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट आणा, सड्यावरचा वारा छत्री उलटी करतो. आणि मोबाईलवाल्यांनी नाव नोंदवण्याआधी फोन करून खडसावून विचारावं.