तिरकी उशी, सात महिने: रात्रीच्या जळजळीवर किती उपयोग झाला

सातपूरच्या एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो. रात्री साडेबाराला घरी यायचं, गरम जेवायचं आणि एकला आडवं व्हायचं, अशी वर्षानुवर्षं सवय. दोनच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येऊन जाग यायची, छातीच्या मधोमध आग. आई म्हणायची, पित्त झालंय, गार दूध घे. दुधाने दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुन्हा तेच.

छातीचा मामला, म्हणून आधी ईसीजी काढला. तो नीट आला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूची एक कडी असते. ती ढिली पडली की आम्ल वर येतं, आणि भरल्या पोटी झोपलं की त्याला वाट आयतीच मिळते. पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी दिली. मी ती महिनाभर पोहे-चहा झाल्यावर घेत होतो. ती नाश्त्याआधी अर्धा तास, उपाशीपोटी घ्यायची असते, तेव्हाच नीट काम करते. महिना फुकट गेला.

आता उशी. फोमच्या दुकानातून कापून घेतली. डोक्याकडे साडेसात इंच उंच, उतरत उतरत कमरेपाशी संपणारी. आधी मऊ फोम घेतला होता, तो तीन आठवड्यांत दबून पाटासारखा झाला. कडकच घ्या. साध्या दोन उशा एकावर एक ठेवूनही पाहिल्या होत्या, पण त्याने नुसती मान वर येते, पोटात घडी पडून दाब उलट वाढतो. उतार पाठीपासून हवा.

पहिला आठवडा वैतागाचा. झोपेत घसरून सकाळी पायथ्याशी. शेवटी गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवली, तेव्हा थांबलो. मे महिन्यात रेक्झिनच्या कव्हरवर पाठ भिजायची, सुती खोळ शिवून घेतली. डाव्या कुशीवर झोपल्याने जळजळ आणखी कमी होते, पण या उतारावर खांदा दुखतो. ती अडचण अजून सुटलेली नाही.

पहिले दोन महिने फक्त उशी वापरली. आठवड्यातल्या पाच रात्रींच्या जागरणावरून दोनवर आलो. मग बायकोने जेवणाचा डबा सोबत द्यायला सुरुवात केली. आता आठच्या सुट्टीत पोटभर जेवतो, घरी आल्यावर फक्त पाणी. तेव्हापासून पंधरा दिवसांत एखादी रात्र. म्हणजे साधारण एक तृतीयांश श्रेय डब्याचं, हे मान्यच केलं पाहिजे.

दिवसाच्या जळजळीला उशीचा उपयोग शून्य. रविवारी तर्री मारून मिसळ खाल्ली की दुपारी व्हायचं ते होतंच. मी तर्री सोडली, मिसळ नाही सोडली.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल, शौचाला काळं होत असेल तर उशीच्या नादी लागू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि जळजळीसोबत दरदरून घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर थेट दवाखाना गाठा, पित्त समजून थांबू नका.

वडिलांना मानेचा त्रास आहे, त्यांना ही उशी सोसली नाही. त्यांच्या पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा इंचांचे लाकडी ठोकळे लावलेत. त्यांना तेच बरं पडतंय.