एका भागाचे सिंक की दोन भागांचे? मुंबईच्या ओट्यासाठी तुलना

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये ओटा बहुधा आठ-नऊ फुटांपलीकडे जात नाही आणि तेवढ्यात शेगडी, चिरण्याची जागा, ओली भांडी निथळायची जागा आणि सिंक हे सगळे बसवावे लागते. म्हणून मी आधी माप ठरवावे आणि सिंक कशाचे बनलेले असावे याचा विचार मागाहून करावा, अशा मताची आहे.

दुकानात सहसा दोन मापे समोर येतात: 24 × 18 इंचांचे एका भागाचे आणि 37 × 18 इंचांचे दोन भागांचे. दुसऱ्याची सोय उघड आहे. एका बाजूला खरकटी भांडी ठेवून दुसरीकडे विसळता येते आणि ज्या घरात बोंबील, पापलेट ओट्यावरच साफ होतात तिथे मासळीसाठी वेगळा भाग मिळणे खरोखर मोलाचे असते. मात्र प्रत्येक भागाच्या वाट्याला जेमतेम 16 इंच रुंदी येते, त्यात कणकेची परात आडवी बसत नाही, मोठी कढई फिरवताना तिचे कान काठाला अडतात आणि पाणी ओट्यावर सांडते. एका भागाचे सिंक घेतल्यास वाचणाऱ्या 13 इंचांत भांडी निथळण्याची जाळी सहज मावते. ओटा अकरा फुटांहून लांब नसेल, तर मी एकाच मोठ्या भागाचा पर्याय निवडेन.

खोलीबद्दल थोडे सावध राहावे. ओटा 34 इंच उंच आणि सिंक 10 इंच खोल असेल, तर तळ जमिनीपासून 24 इंचांवर येतो आणि भांडी घासणाऱ्या मावशींना रोज कंबरेत वाकून उभे राहावे लागते. 8 ते 9 इंच खोली पुरेशी होते.

स्टील आणि क्वार्ट्‌झ (दगडाची भुकटी रेझिनमध्ये घट्ट करून बनवलेले) यांत क्वार्ट्‌झ दिसायला देखणे आणि आवाजाला शांत आहे, परंतु त्यावर काचेचा पेला निसटला की बहुधा फुटतोच, शिवाय सोसायटीत टँकरचे किंवा बोअरचे जड पाणी येत असेल तर काळ्या रंगावर क्षारांचे पांढरे डाग उठून दिसतात. स्टील घ्यायचे तर 304 प्रतीचेच घ्यावे, ज्यात साधारण 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते. 202 प्रतीत निकेल कमी असल्याने समुद्राच्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजते. लोहचुंबक लावून पारख करण्याचा सल्ला इथे उपयोगाचा नाही, कारण या दोन्ही प्रती चुंबकाला सहसा चिकटत नाहीत, तेव्हा प्रत बिलावर लिहून घ्यावी.

ग्रॅनाइटखालून बसवलेल्या सिंकमध्ये ओट्यावरचे पाणी आणि कचरा थेट आत लोटता येतो, वरून बसवलेल्याच्या कडेला मात्र मळ साचतो. खालून बसवलेले बदलणे जिकिरीचे असते आणि त्याच्या सांध्यातले सिलिकॉन पावसाळ्यात काळे पडते, ते अधूनमधून नव्याने भरावे लागते. तरीही रोजच्या पुसण्याचा विचार करता मला तेच सरस वाटते. भाड्याच्या घरात वरून बसवलेले बरे.

सिंकची जागा हलवायची असल्यास सांडपाण्याच्या आडव्या पाइपाला फुटामागे पाव इंच उतार मिळतो का, हे प्लंबरकडून आधी मोजून घ्यावे. तो मिळत नसेल तर सिंक डक्टलगतच्या, म्हणजे इमारतीचे उभे पाइप जातात त्या पोकळीलगतच्या, मूळ जागीच ठेवावे.