कडुनिंबाचा शोधनिबंध आणि तेरा हजार दोनशे रुपये

कडुनिंबाच्या पानांचा अर्क स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूची वाढ रोखतो, असं सांगणारा एक शोधनिबंध इंटरनेटवर माझ्या नावाने आहे. लेखकांत मी तिसरी. त्यातला एकही आकडा मी मोजलेला नाही, आणि ज्या पेट्री डिशचा (जिवाणू वाढवायच्या चपट्या बशीचा) फोटो त्यात छापलाय ती मी कधी हातात धरलेली नाही. तिथून नाव काढायला गेलं वर्षभर धडपडते आहे, अजून निघालेलं नाही. यंदा बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेल्या मुलामुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी वाचावं म्हणून सगळं लिहिते आहे.

मी बडोद्याची, आमचं घर दांडिया बाजारात. बाबा मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जातात. घरात सायन्स शिकणारी मी पहिलीच. २०२३ साली मायक्रोबायॉलॉजीला गेले तेव्हा संशोधन करायचं एवढं पक्कं होतं, पण म्हणजे नक्की काय करायचं आणि कोणाला विचारायचं हे ठाऊक नव्हतं. वर्गात शंभरावर मुलं, मॅडमना एकटं गाठून बोलायचा धीर होत नसे. प्रॅक्टिकलला चौघांत एक मायक्रोस्कोप. पैसे घेऊन शोधनिबंध छापून देणारी माणसं नेमकी अशाच वेळी गाठतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: पहिल्या वर्षापासून रिसर्च इंटर्नशिप, आंतरराष्ट्रीय प्रकाशनाची हमी. बाबा आणि मी स्टेशनजवळच्या एका कॉम्प्लेक्समधल्या त्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीवर परदेशी विद्यापीठांची बोधचिन्हं. तिथल्या माणसाने माझ्याकडे फारसं पाहिलंच नाही, तो बाबांशी बोलत राहिला. "अंकल, हवे तो पेपर वगर कंई नहीं थाय." म्हणजे आता पेपर, छापलेला शोधनिबंध, नसेल तर काहीच होत नाही. नवीन शैक्षणिक धोरण आलंय, डिग्री चार वर्षांची होतेय, पेपर नसलेली मुलं मागे पडणार, असं त्याने बाबांच्या मनात चांगलं भरवलं. बाबांनी तिथेच नोंदणीचे १,५०० रुपये भरले.

तेव्हा आम्हाला माहीत असायला हवं होतं ते सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनंतर पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असण्याची सक्तीसुद्धा राहिलेली नाही. चार वर्षांच्या डिग्रीत शेवटच्या वर्षी संशोधन घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, त्यासाठी कोणी छापील पेपर मागत नाही. मग अठरा वर्षांच्या मुलीला त्याची एवढी घाई कशासाठी? हा प्रश्न त्या खोलीत आमच्यापैकी एकालाही सुचला नाही.

पुढे 'ट्रेनिंग'चे ६,००० गेले. रविवारच्या सकाळी झूमवर सगळे मिळून आठ तास झाले, पिपेट कशी धरतात ते चित्रातच पाहिलं. लॅबमध्ये कधी जायचं असं मी दोनदा विचारलं. "डेटा आमच्याकडे तयार आहे, तुम्ही ॲनालिसिस शिका," असं उत्तर मिळालं. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. ज्या प्रयोगाचा डेटा प्रयोग करण्याआधीच तयार असतो, तो प्रयोग झालेला नसतो. पण पैसे भरून झाले होते आणि ग्रुपमधले बाकीचे गप्प होते.

मला कडुनिंबाचा विषय मिळाला. प्रस्तावनेचे दोन परिच्छेद लिहायला सांगितले, बाकी सगळं आयतं होतं. शनिवारी रात्री पेपर पाठवला आणि सोमवारी सकाळी अकरा वाजता 'स्वीकृत' असं पत्र आलं. परीक्षकाचा शेरा दोन ओळींचा: काम चांगलं आहे, स्वीकारावं. पेपर इतका चांगला झाला म्हणून लगेच घेतला, अशीच माझी समजूत झाली. खऱ्या जर्नलमध्ये (शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकात) पेपर त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे जातो, त्यात आठवडे, कधी महिने जातात, आणि पुष्कळदा तो परत येतो किंवा नाकारला जातो. जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने एक बनावट पेपर मुद्दाम चुका करून रचला होता आणि ३०४ जर्नल्सना पाठवला होता. १५७ जर्नल्सनी तो स्वीकारला. ही हकीकत २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आली. मी ती वाचली तेव्हा पैसेही गेले होते आणि नावही.

प्रकाशनाचे ४,५०० आणि सर्टिफिकेट व ट्रॉफीचे १,२०० धरून एकूण १३,२०० रुपये झाले. ॲक्रिलिकची ती ट्रॉफी आजीने देवघराशेजारच्या फळीवर ठेवली. गणपतीत आरतीला आलेल्या प्रत्येकाला बाबा ती दाखवत होते. ते दिवस आठवले की आजही गलबलून येतं.

दुसऱ्या वर्षी एका मॅडमकडे छोटा प्रोजेक्ट मागायला गेले. आपली लायकी दिसावी म्हणून पेपर सोबत नेला. मॅडमनी तो शांतपणे वाचला आणि तिसऱ्या पानावरच्या तक्त्यावर बोट ठेवलं. जिवाणू वाढले नाहीत त्या गोल जागेचा व्यास तिथे दिला होता, प्रत्येक डिशचं माप वेगळं, त्यातलं एक १४.२३७ मिलिमीटर.

"हे कशाने मोजलं?"

मला उत्तर येईना. साध्या पट्टीवर अर्धा मिलिमीटर वाचता आला तरी खूप. व्हर्नियर या बारीक मापाच्या उपकरणानेही दशांश चिन्हापुढचा तिसरा आकडा मिळत नाही. मॅडमनी मग डिशच्या फोटोवरून इंटरनेटवर शोध घेतला. एक जुना पेपर निघाला, लेखक वेगळेच, अर्क तुळशीचा. फोन त्यांनी आडवा केला आणि माझ्यापुढे धरला. डिशच्या काठाला चंद्रकोरीसारखा टवका उडालेला होता. तोच टवका माझ्या पेपरातही होता, फक्त फोटो नव्वद अंशांत फिरवलेला.

"तू मोजलं होतंस का हे?"

"नाही, मॅडम."

"मग नाव का लावू दिलंस?"

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. पैशांचं मी घरी सांगू शकले, ही गोष्ट मात्र आजीला अजून समजावता आलेली नाही. कोणी तरी माझ्या नावाखालचे आकडे खरे धरून त्यावर पुढचं काम करेल, हे मला सगळ्यात जास्त लागतं.

पेपर मागे घ्या म्हणून जर्नलला ईमेल केला तर 'विथड्रॉवल चार्ज' म्हणून ९,००० मागितले. संपादक मंडळात एका प्राध्यापकांचं नाव होतं, त्यांना लिहिलं. त्यांनी त्याच दिवशी उत्तर दिलं की आपलं नाव तिथे आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे जाऊन दहा महिने झाले होते. पैसे गेल्या गेल्या तिथे कळवलं तर ते पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते, म्हणून कोणाचे कालपरवा गेले असतील तर आत्ताच फोन करा. ऑफिसच्या जागी आता दुसऱ्याच कोणाची पाटी आहे.

जर्नलच्या स्वीकृतीपत्रावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या आणि तिन्हींना आम्ही भुललो. आयएसएसएन हा फक्त नियतकालिकाचा ओळख क्रमांक असतो, त्यातून दर्जा कळत नाही. डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा पत्ता, आणि पत्ता खोट्या लेखालाही मिळतो. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचा इतर लेखांत सरासरी किती उल्लेख होतो, तो आकडा) दरवर्षी क्लॅरिव्हेट ही कंपनी काढते. आमच्या पत्रावर त्याच्याआधी 'ग्लोबल' जोडलेलं होतं, म्हणजे तो भलताच कोणाचा तरी आकडा. यूजीसीची केअर ही मान्य जर्नल्सची यादी तेव्हा चालू होती (२०२५ मध्ये ती बंद झाली). जर्नलचं नाव तिथे पाहायला दोन मिनिटं लागली असती. आम्ही पाहिलं नाही.

संशोधनाची सुरुवात कुठे होते, हे मला मॅडमच्या लॅबमध्ये कळलं. पहिले तीन आठवडे फ्लास्क धुतले, जिवाणू वाढवायचं माध्यम बनवलं, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावायला शिकले, सीनियर मुलींच्या वह्या वाचल्या. मग कडुनिंबाचाच अर्क घेतला, मुद्दाम. पहिल्या डिशमध्ये ११ मिलिमीटर, दुसरीत ९, तिसरीत काहीच नाही. मॅडम म्हणाल्या, तिन्ही लिही. लिहिली.

कॉलेजबाहेर संशोधन करायचं असेल तर सरळ वाटा आहेत आणि त्यात पैसे तुम्हाला मिळतात. बेंगळुरूची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान संस्था मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, तिच्यात विद्यावेतन असतं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्यांचा एनआययूएस हा संशोधनाची ओळख करून देणारा कार्यक्रम बी.एस्सी.च्या मुलांसाठीच आहे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीच्या वर्षाच्या ८०,००० रुपयांतले २०,००० उन्हाळी संशोधनासाठीच ठेवलेले असतात. यातलं काहीही हमखास मिळत नाही. मला पहिल्या खेपेला फेलोशिप नाकारली गेली, आता पुन्हा अर्ज करते आहे. अर्जात त्या पेपरविषयी काय घडलं ते मी स्वतःहून लिहिलं आहे, मॅडमनी वाचून होकार दिल्यावर.

त्या इंटर्नशिपच्या आमच्या बॅचमध्ये एकवीस जण होतो. मी, आणखी एक मुलगी आणि कारेलीबागेतला एक मुलगा असे तिघे मिळून ग्राहक आयोगात तक्रार देतो आहोत. त्या वर्षी स्टेशनजवळच्या त्या ऑफिसात पैसे भरलेले बडोद्यात आणखी कोणी असाल, तर यूपीआयची पावती, स्वीकृतीचं पत्र आणि ग्रुपवरचे मेसेज डिलीट करू नका. माझ्याकडचे सुरुवातीचे मेसेज फोन बदलताना गेले, आणि वकीलकाका पहिल्यांदा तेच मागत होते.