‘शंभर टक्के माद्या’ म्हणून विकलेले पन्नास नर

कोल्हापूरजवळच्या कळंब्यात घरामागे थोडी मोकळी जागा आहे आणि घरापुरती अंडी मिळावीत, एवढ्याच हिशोबाने मी मोबाइलवरील जाहिरात पाहून ‘ग्रामप्रिया’ या कोंबडीच्या जातीची एक दिवसाची 50 पिल्ले मागवली. दर 65 रुपये, म्हणजे एकूण 3,250. त्यांतले 1,500 क्यूआर कोडवर आगाऊ दिले आणि 1,750 रोख. ‘सेक्सिंग केलेल्या, शंभर टक्के माद्या’, म्हणजे नर वेगळे काढून निवडलेल्या, असे विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर लिहून दिले होते.

पिल्ले मिळाली ती शिरोली नाक्यावर, टेम्पोतून. संशय यायला हवा होता तो तिथेच. खोक्याचे झाकण उघडले तेव्हा आत सगळी एकजात पिवळी पिल्ले होती. जाहिरातीतल्यासारखे पाठीवर तपकिरी पट्टे असलेले एकही नव्हते. मी तसे विचारलेही. ‘‘दादा, महिन्याभरात पिसं बदलत्यात, काय काळजी करू नका,’’ म्हणत त्याने नोटा मोजल्या आणि टेम्पो हलवला. वरून पाऊस, मागून हॉर्न आणि हातात गारठलेली पिल्ले, अशा वेळी कोण पिसांवरून वाद घालील? शिवाय एक दिवसाच्या पिल्लातला नर-मादी भेद शिकलेल्या माणसालाच कळतो, तो मला कळला नाही यात नवल नाही.

पहिल्याच आठवड्यात 12 पिल्ले दगावली. उरलेल्या 38 जणांना पांढरी पिसे फुटली, दीड-दोन महिन्यांत एकूण एक तुरा लालभडक झाला आणि एका पहाटे आरवणे सुरू झाले. अंड्यांच्या पांढऱ्या जातीच्या हॅचरीत माद्या निवडून घेतल्यावर नरांना किंमत उरत नाही. जत्रेत रंगवून विकतात ती बहुतेक हीच पिल्ले. ग्रामप्रिया, वनराज यांची पिल्ले सहसा नर-मादी मिश्रच मिळतात, त्यामुळे शंभर टक्क्यांची हमी ऐकली की तिथूनच मागे फिरा.

दोन पोती खाद्य 4,100 रुपये, जाळी, बल्ब आणि भांडी 1,260. हे नर खातात भरपूर आणि अंगी मांस धरत नाहीत, त्यामुळे चिकनवाल्याने नगाला 60 रुपयेच दिले, म्हणजे 2,280. निव्वळ तोटा 6,330 रुपये.

पोलीस ठाण्यात गेलो तर, ‘‘कोंबडी अंडी देत नाही म्हणून गुन्हा नोंदवायचा व्हय?’’ असे विचारून सगळे हसले. व्हॉट्सॲपवरचे आश्वासन कोणी वाचलेसुद्धा नाही. रोख रकमेचा पुरावा मागितला, तो कुठून आणणार? आगाऊ रक्कम ज्या खात्यात गेली ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर होते, पण तेही पाहायला कोणाला सवड नव्हती. तिथून पशुसंवर्धनच्या कार्यालयात धाडले, त्यांनी ‘विक्री आमच्याकडे येत नाही’ म्हणून परत पोलिसांकडे. ऑनलाइन दिलेल्या पैशांसाठी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा असतो, हेही मला कोणत्याच टेबलावर सांगितले गेले नाही. तुम्ही मात्र त्याच दिवशी करा. ग्राहक आयोगात जायचे तर विक्रेत्याचे नाव-पत्ता हवा, म्हणून पावतीशिवाय आणि शेड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आपल्या कोल्हापुरातच आहे, आधी तिथे चौकशी करा. माझ्या टेम्पोवाल्याची जाहिरात दुसऱ्या नंबरावर अजून सुरू आहे आणि तिच्यात तीच तपकिरी पट्ट्यांची पिल्ले दाखवली जात आहेत.